मशीनचं औषध

आरोग्य खात्यात तिच्या पदाचं नाव लांबलचक होतं, पण ज्या घरांत ती जायची तिथले लोक तिला चौकशीबाई म्हणत. एका भागात तीन-चार माणसं एकाच दुखण्यानं आजारी पडली की खातं तिला पाठवायचं. मग ती बारा पानी फॉर्म घेऊन दारात उभी राहायची. कधीपासून, कुठे, काय खाल्लं, काय प्यायलात, शेजारी कोण, खालच्या मजल्यावर काय चालतं. पंचवीस वर्षांत तिनं नासलेलं दूध पकडलं होतं, पाण्याच्या टाकीत मरून पडलेली कबुतरं पकडली होती, आणि एकदा तर लग्नाच्या हॉलमधला एक आचारी पकडला होता. लोक दार लावून घेत, तेव्हा ती जिन्याच्या पायरीवर बसून वाट बघायची. कंटाळून का होईना, दार उघडत असे.

त्या हिवाळ्यात तिला छातीच्या डॉक्टरांचा फोन आला. हॉस्पिटलमध्ये नव्यानेच रुजू झालेले, वयानं तिच्या मुलासारखे, पण बोलायला सावकाश.

"बाई, माझ्याकडे तीन पेशंट आहेत. तिघांची फुप्फुसं आखडत चाललीत. जंतू सापडत नाहीत. सिगारेट कोणी ओढत नाही. तिघं तीन ठिकाणी राहतात, एकमेकांना ओळखतही नाहीत. एक शिंप्याची बायको, एक शाळेत गाणं शिकवणाऱ्या बाई आणि एक तीन वर्षांची मुलगी."

"मुलगी पण?"

"हो. म्हणून तर तुम्हाला फोन केला."

ती दुसऱ्या दिवशी आधी शिंप्याकडे गेली.

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत कपडे बेतायचं मोठं टेबल, शिलाई मशीन, भिंतीला टांगलेले अर्धवट कोट. आतल्या खोलीत पलंग, हीटर आणि एक बंद खिडकी. शिंप्याला सगळे मास्तर म्हणत. सडसडीत, साठीच्या आसपासचा माणूस, गळ्यात कायम मापाची टेप. बायको आठवड्यापूर्वीच हॉस्पिटलमधून घरी आली होती आणि पुन्हा खोकायला लागली होती. गुडघे धरल्यामुळे हिवाळाभर ती आतल्याच खोलीत असायची. ऊब बाहेर जाऊ नये म्हणून मधलं दार लावलेलं.

"वहिनी, हॉस्पिटलात बरं वाटत होतं ना?" चौकशीबाईनं विचारलं.

"फार बरं. पाचव्या दिवशी मी जिना चढले. घरी आले आणि..." पुढचं वाक्य खोकल्यात गेलं.

मास्तर पटकन पाणी घेऊन आला. ती सावरल्यावर तो बाहेरच्या खोलीत येऊन हळू आवाजात म्हणाला, "बाई, तिथल्या एका नर्सनं हिला विचारलं, घरी काही त्रास आहे का म्हणून. तिथं बरी, इथं आजारी. लोकांना वाटायचं तेच वाटणार. आमच्या लग्नाला अडतीस वर्षं झाली. मी आवाज चढवून बोललो असेन, नाही असं नाही. पण त्यानं कोणाचं फुप्फुस आखडतं का?"

"नाही आखडत, मास्तर."

"मग घरात आहे तरी काय?"

तेच शोधायला ती आली होती. तिनं फॉर्म काढला. उंदरांचं औषध? नाही. डासांची, झुरळांची फवारणी? नाही. बाथरूमला अॅसिड? साबण आणि ब्रश. फरशीला? नुसतं पाणी. रंगकाम? सहा वर्षांपूर्वी. पक्षी? नाही. "घरात वापरली जाणारी रसायनं" या रकान्यासमोर तिनं "नाही" असं लिहिलं. मग तिची नजर टेबलाखाली साचलेल्या कापसासारख्या धुरळ्यावर गेली. कापडाचा बारीक कीस. सूतगिरणीतल्या कामगारांच्या छातीचं काय होतं ते तिला ठाऊक होतं.

"हा कीस आत जात असेल," ती म्हणाली. "शिलाई मशीन बाहेर हलवता येईल का?"

"आजच हलवतो."

"आणि हीटरमुळे हवा फार कोरडी झालीय. कोरड्या हवेनं खोकला वाढतो. खोलीत ओलावा राहील असं बघा."

"ते आहेच," मास्तर म्हणाला. "आता जास्त लक्ष देतो."

तो काय जास्त करणार आहे, हे तिनं विचारलं नाही. फॉर्मवर त्याची सही घेतली आणि निघाली.

गाण्याच्या बाई चौथ्या मजल्यावर एकट्या राहत. त्यांची धाकटी बहीण दिवसा येऊन बसायची. आवाज गेलाच होता. प्रत्येक शब्दासाठी त्यांना हवा गोळा करावी लागे, आणि तरीही त्या चेष्टा करत.

"आयुष्यभर पोरांना सांगितलं, श्वास कुठं घ्यायचा ते शिका," त्या म्हणाल्या. "आता देवानं माझीच परीक्षा घेतलीय."

त्यांच्या घरी कापडाचा कीस नव्हता. पेटी होती, पुस्तकं होती, पुस्तकांवर धूळ होती. चौकशीबाईनं पुस्तकांमागची बुरशी खरवडून डबीत घेतली. खिडकीखाली कबुतरं बसत, त्यांची विष्ठा घेतली. रसायनांच्या रकान्यात पुन्हा "नाही".

मुलीच्या घरी तर काहीच सापडलं नाही. आई बेकरीत पहाटेच्या पाळीला, बाप लिफ्ट दुरुस्त करणारा. मुलीला घरात सगळे पिटुकली म्हणत. घर इतकं स्वच्छ की चौकशीबाईला बूट कुठं ठेवावेत ते कळेना. बेकरीतलं पीठ अंगावरून येत असेल, लिफ्टचं वंगण येत असेल, असं तिनं लिहून घेतलं, पण तिचंच तिला पटेना. पिटुकली पाळण्याएवढ्या पलंगावर बसून बाहुलीच्या छातीवर कागदाचा कप लावून तपासत होती. "श्वास घे," ती बाहुलीला सांगायची, "अजून घे, अजून," आणि मग स्वतःच थांबायची, कारण तिला बोलताना धाप लागायची.

प्रयोगशाळेचे निकाल आले. बुरशी साधी, कबुतरं निर्दोष, पिठात काही नाही. डॉक्टर फोनवर म्हणाले, "साप साप म्हणून आपण भुई धोपटतोय, बाई."

"भुईच धोपटावी लागते," ती म्हणाली. "साप काही बोर्ड लावून बसत नाही."

पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. महिन्याभरात शिंप्याच्या बायकोला पुन्हा हॉस्पिटलात न्यावं लागलं, या वेळी स्ट्रेचरवर. आणि आता आणखी दोन नवे पेशंट आले होते, दोघी बाळंतिणी.

ती दुसऱ्यांदा मास्तरकडे गेली ती दुपारची वेळ होती. बायको हॉस्पिटलात, मास्तर नुकताच तिला भेटून परतलेला. शिलाई मशीन त्यानं खरंच बाहेर हलवलं होतं. जिन्यालगतच्या उघड्या गॅलरीत, जिथं वारा थेट लागत होता. हातांना बोटं कापलेले मोजे घालून तो शिवत होता.

"इथं बसता?" तिनं विचारलं.

"तुम्हीच म्हणालात, कीस आत जातो."

ती कोट काढून खुर्चीवर ठेवायला गेली तर मधलं बटण दोऱ्याला लोंबकळत होतं. मास्तरच्या ते लगेच लक्षात आलं.

"द्या इकडे. तुम्ही प्रश्न विचारा, मी बटण लावतो."

तो घरात गेला आणि फळीवर हात घालून एक बाटली काढली. तिचं बटण अर्धं फुटलं होतं, त्याला जोडीचं हवं होतं. फळीवर बाटल्यांची रांग होती. सगळ्या सारख्या, निळसर, चपट्या, रुंद तोंडाच्या. एकीत काळी बटणं, एकीत पांढरी, एकीत हूक, एकीत पितळी. वरचे कागद नीट भिजवून काढलेले, पण एक-दोन बाटल्यांवर अजून शिल्लक होते. त्यावर हसऱ्या बाळाचं चित्र.

ते बाळ तिनं आदल्या दिवशीच पाहिलं होतं. पिटुकलीच्या उशाशी, खिडकीच्या कट्ट्यावर. तिची आई पलंगाजवळच्या मशीनमध्ये पाणी भरत होती, तेव्हा त्या बाटलीचं झाकण तिनं दातात धरलं होतं.

"मास्तर, या बाटल्या कसल्या?"

"त्या होय? मशीनच्या औषधाच्या." तो सुईत दोरा ओवत होता. "हवा दमट ठेवायचं मशीन आहे ना आत, धुकं सोडतं ते. त्याच्या टाकीत शेवाळ धरतं, बुळबुळीत होतं. म्हणून पाण्यात हे औषध टाकायचं. चांगली भक्कम बाटली, फेकून कशाला द्यायची?"

"किती दिवस वापरताय?"

"हा दुसरा हिवाळा."

तिनं बाटल्या मोजल्या. एकोणीस होत्या. मग ती आतल्या खोलीत गेली. पलंगाच्या उशाला, स्टुलावर, दुधी प्लॅस्टिकचं मशीन होतं. ते तिनं पहिल्या खेपेलाही पाहिलं होतं. पाहिलं होतं म्हणजे त्याच्या बाजूनं वळून हीटरची वायर तपासली होती. तोंड बरोबर उशीकडे वळवलेलं. मास्तर तिच्यामागे येऊन उभा राहिला.

"मी तुम्हाला विचारलं होतं, घरात रसायनं वापरता का," ती म्हणाली.

"हो. आणि मी खरंच सांगितलं. आमच्याकडे कसलंच काही नसतं." त्यानं मशीनकडे पाहिलं. "हे तर औषध आहे, बाई."

बाटलीवर बारीक अक्षरांत लिहिलं होतं: टाकीतले जंतू मारतं, हवा शुद्ध ठेवतं, लहान मुलांच्या खोलीतही वापरता येतं. खाली माप दिलेलं. एका टाकीला एक झाकण.

तिनं बाटली आणि मशीन पिशवीत घातलं, पावती लिहून दिली. मास्तरला इतकंच म्हणाली, "तपासून घेते." कोट घालून खाली उतरली तेव्हा बटण घट्ट बसलं होतं.

बाकीच्या घरी तिला पुन्हा जावंसुद्धा लागलं नाही. फोनवर एकच प्रश्न विचारला. गाण्याच्या बाईंची बहीण म्हणाली, "हो, आहे की. ताईचा गळा कोरडा पडतो ना, म्हणून मीच आणून दिलं मशीन." पिटुकलीची आई म्हणाली, "डॉक्टरांनीच सांगितलं होतं, थंडीत हवा दमट ठेवा. मी औषध अर्धंच झाकण घालते, लहान जीव म्हणून." दोन्ही बाळंतिणींच्या घरी बाळासाठी मशीन होतं. "आजपासून ते बंद," चौकशीबाईनं सगळ्यांना सांगितलं. "कारण नंतर सांगते. आता फक्त बंद करा आणि खिडकी उघडा."

प्रयोगशाळेला तीन आठवडे लागले. औषधानं जंतू मरत होते, यात खोटं काही नव्हतं. त्यानं फरशी पुसली तर कोणाचं काही बिघडलं नसतं. पण त्या मशीनमधून ते इतक्या बारीक तुषारांच्या रूपात निघत होतं की नाकात, घशात कुठं न अडता थेट फुप्फुसाच्या तळाशी जाऊन बसायचं. दिवसामागून दिवस, बंद खोलीत. ते श्वासातून आत गेलं तर काय होईल, हे बाटली बाजारात आणण्याआधी कोणी तपासलेलंच नव्हतं.

अहवाल हातात आल्यावर डॉक्टर म्हणाले, "सापडलं, बाई. अभिनंदन."

"थांबा," ती म्हणाली. "मला आधी एका माणसाला सांगून येऊ दे."

मास्तर टेबलावर कापड अंथरून खडूनं रेघा मारत होता. शिलाई मशीन पुन्हा घरात घ्यायला तिनं फोनवर सांगितलं होतं, म्हणून ते आत आलं होतं. तिनं त्याला रेघ पूर्ण करू दिली.

"मास्तर, खडू ठेवा जरा. बसा."

तो बसला. तिनं सरळ सांगितलं. आडवळणानं सांगितलं तर माणूस मधल्या मधे स्वतःच काहीतरी भयंकर ऐकून घेतो, हे तिला अनुभवानं माहीत होतं. मशीनच्या धुक्यातलं औषध. तेच वहिनींच्या छातीत गेलं. हॉस्पिटलात मशीन नव्हतं, म्हणून तिथं त्या बऱ्या व्हायच्या.

त्यानं टेबलावरची खडूची पूड तळहातानं एका बाजूला केली.

"रोज मी घालायचो," तो म्हणाला. "तिला उठायला नको म्हणून. टाकी धुवायचो, झाकण भरायचो. जास्त खोकली की मशीन जवळ ओढायचो. तोंडाशी." मग त्यानं मान वर केली. "म्हणजे मीच की."

"तुम्ही नाही. ज्यांनी बाटलीवर बाळाचं चित्र छापलं त्यांनी."

"पण घालत कोण होतं?"

तिला आणखी एक गोष्ट सांगायची होती, आणि येताना सगळ्या रस्त्यात तिचं मन म्हणत होतं की ती सांगायची गरज नाही. प्रयोगशाळेच्या अहवालात ती कुठं नव्हती. कोणी विचारणारही नव्हतं.

"मास्तर, मी पहिल्यांदा आले तेव्हा म्हणाले होते, खोलीत ओलावा राहील असं बघा. आठवतं?"

"आठवतं ना. त्या दिवसापासून मी मशीन दिवसाही लावायला लागलो. आणि दोन झाकणं घालायला लागलो. जास्त पाणी, तर जास्त..." तो थांबला.

"ते माझ्या सांगण्यावरून. मशीन माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि मी टेबलाखालचा कीस बघत बसले. त्या महिन्यात वहिनींचं जे जास्त बिघडलं ते माझ्या शब्दामुळे बिघडलं. हे तुम्हाला माझ्याकडूनच कळायला हवं होतं."

बाहेर जिन्यावरून कोणीतरी जड काहीतरी घेऊन चढत होतं, त्याचे धपधप आवाज येत राहिले. मास्तरनं गळ्यातली टेप काढली, बोटांना गुंडाळली, पुन्हा सोडली. तो चिडेल, असं तिला वाटलं. चिडला असता तर तिला सोपं गेलं असतं.

"चहा घेता?" शेवटी तो म्हणाला.

चहा करताना त्याची पाठ तिच्याकडे होती. "मी तुमच्यावर रागावलोय," तो पातेल्याकडे बघतच म्हणाला. "खोटं कशाला बोलू. पण स्वतःवर जेवढा आहे तेवढा नाही. आणि दोघांनाही पुरेल एवढा राग माझ्याजवळ आहे असं वाटत नाही. हिला कोण सांगणार?"

"मी सांगू?"

"नको. अडतीस वर्षं झाली. मलाच सांगायला पाहिजे."

पण हॉस्पिटलात गेल्यावर त्याचं तोंड उघडेना. त्यानं बायकोच्या केसांत कंगवा फिरवला, संत्रं सोललं, त्याच्या शिरा एकेक करून काढल्या, दुसरं संत्रं सोललं. बायकोच्या नाकाशी ऑक्सिजनची नळी होती. ती त्याच्याकडे बघत होती.

"अहो," ती म्हणाली, "किती संत्री सोलणार?"

"खा. चांगली आहेत."

"मला माहितीय. डॉक्टर सकाळी सांगून गेले, मशीनचं. तुम्ही कधी तोंड उघडताय याची वाट बघतेय मघापासून."

त्याचे डोळे भरून आले. त्यानं पुसले नाहीत, हाताला संत्र्याचा रस लागलेला होता.

"मीच घातलं गं. दोन-दोन झाकणं."

"आणि दुकानातून पहिली बाटली कोणी आणली? मी. बाळाचं चित्र बघून म्हटलं, बाळाला चालतं तर मला म्हातारीला काय होतंय. वास पण मलाच आवडायचा. विसरलात? तुम्ही म्हणत होतात, धोब्याच्या दुकानासारखा वास येतो." ती दम घ्यायला थांबली. एवढं बोलायला तिला बराच वेळ लागला होता. "रडायचं तर रडा. पण एकट्यानं सगळं अंगावर घेऊ नका. माझ्या वाटणीचं माझ्याकडे राहू द्या."

गाण्याच्या बाई वसंत लागायच्या आत गेल्या. त्यांची बहीण चौकशीबाईला एवढंच म्हणाली, "मशीन मी आणून दिलं होतं," आणि चौकशीबाई तिच्याजवळ पायरीवर बसून राहिली. त्या दिवशी तिच्याकडे फॉर्म नव्हता.

खात्यानं सुनावणी ठेवली. तोवर दुसऱ्या शहरांतूनही पेशंटची पत्रं यायला लागली होती, चाळीसच्या वर. लांब टेबलाच्या एका बाजूला अधिकारी, दुसऱ्या बाजूला कंपनीचा साहेब आणि त्याचे दोन वकील. मागं खुर्च्यांवर पेशंटच्या घरची माणसं. साहेबाचा आवाज मऊ होता. त्यानं आधी दुःख व्यक्त केलं. मग म्हणाला, उत्पादन सुरक्षित आहे, पण लोक सूचना वाचत नाहीत, माप पाळत नाहीत. इथंच असे एक गृहस्थ आहेत, ज्यांनी दुप्पट औषध घातल्याचं खात्याच्याच कागदावर आहे.

ते कागदावर होतं, कारण चौकशीबाईनं लिहिलं होतं. स्वतः काय सल्ला दिला तेही लिहिलं होतं. तिच्या वरिष्ठांनी ते वाक्य काढायला सुचवलं होतं, पण तिनं ते काढलं नव्हतं. आता तिला वाटलं, आपल्या खरेपणापायी या सगळ्यांचं नुकसान होणार.

मास्तर उभा राहिला. त्यानं स्वतः शिवलेला करडा कोट घातला होता. टेप मात्र गळ्यातच राहिली होती, ते त्याला कळलं नव्हतं.

"मी बोलू का?"

अधिकाऱ्यांनी मान हलवली.

"साहेब म्हणतात ते खरं आहे. शेवटच्या महिन्यात मी दोन झाकणं घालत होतो. त्याआधी सव्वा वर्ष एक. मी शिंपी आहे, माप घेणं हाच माझा धंदा आहे, त्यामुळे एक म्हणजे एकच. माझ्या बायकोचा खोकला एका झाकणावर सुरू झाला. दोन झाकणांवर तिला स्ट्रेचरवर न्यावं लागलं." त्यानं मागच्या खुर्च्यांकडे हात केला. "गाण्याच्या बाई एकच झाकण घालायच्या. त्यांची बहीण इथं बसलीय, विचारा. त्या आता नाहीत. आणि ही पोरगी." पिटुकली आईच्या मांडीवर झोपली होती. "हिची आई अर्धंच झाकण घालायची. दोन झाकणं, एक झाकण, अर्धं झाकण. साहेबांनी आता सांगावं, बरोबर माप कोणतं?"

साहेबानं वकिलाकडे पाहिलं. वकिलानं कागद चाळले. मास्तर तसाच उभा होता. उत्तर मिळेपर्यंत बसायचं नाही असं त्यानं ठरवलं असावं. शेवटी अधिकाऱ्यांनीच त्याला बसायला सांगितलं.

पंधरा दिवसांनी आदेश निघाला. त्या बाटल्या दुकानांतून उचलल्या गेल्या. अशा मशीनच्या पाण्यात घालायचं कुठलंही औषध, ते श्वासात गेलं तर काय होतं हे तपासल्याशिवाय विकता येणार नाही, असा नियम झाला. कंपनीवरचा खटला पुढं वर्षानुवर्षं चालला. चौकशीबाईच्या फॉर्ममध्ये तेरावं पान वाढलं. त्यावरचा पहिला प्रश्न तिनं स्वतः लिहिला: आजारी माणसाला बरं वाटावं म्हणून घरात काय काय करता? या प्रश्नाला लोक भरभरून उत्तरं देतात, असं तिच्या लक्षात आलं.

पिटुकली सुधारली. पूर्ण नाही, पण वय लहान होतं, फुप्फुसाला वाढायला जागा होती. धावताना मधेच थांबते, एवढंच. मास्तरच्या बायकोचं जे आखडलं ते आखडलंच. तिच्या नाकाशी नळी कायमची आली. घरात मोठा सिलेंडर, बाहेर जायला छोटा. छोट्याची हॉस्पिटलनं दिलेली पिशवी खांद्याला काचायची, म्हणून मास्तरनं नवी शिवली. आतून मऊ, पट्टा रुंद, नळीला वेगळं भोक.

"माझ्यापेक्षा सिलेंडरलाच चांगला कोट शिवलात," बायको म्हणाली.

वॉर्डातल्या दुसऱ्या पेशंटनं ती पिशवी पाहिली आणि मागितली. मग तिसऱ्यानं मागितली. मास्तर आता आठवड्यातला एक दिवस नुसत्या पिशव्याच शिवतो, आणि प्रत्येकाच्या खांद्याचं माप घेतल्याशिवाय शिवत नाही.

उन्हाळ्याच्या सुरुवातीला चौकशीबाई तपासणीसाठी त्यांच्याकडे निघाली होती, तर दोघं रस्त्यातच भेटली. कोपऱ्यावरच्या बाकापर्यंत जायचं आणि परत यायचं, हा त्यांचा रोजचा नेम झाला होता. ती त्यांच्या मागून येत होती, आणि हाक मारण्याआधी तिला एक गंमत दिसली. दर वीस-पंचवीस पावलांवर बायकोला दम लागायचा, ती थांबायची. ती थांबली की मास्तर खाली वाकून बुटाशी काहीतरी करत बसायचा. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटावं, बाई नवऱ्यासाठी थांबल्यात. तिचा श्वास जुळला की तो उठायचा.

चौथ्यांदा तो वाकला तेव्हा चौकशीबाई जवळ पोचली होती.

"अहो," बायको म्हणत होती, "तुमच्या बुटाला नाडीच नाहीये."

मास्तर खालीच वाकून राहिला. "लोकांना काय माहीत," तो म्हणाला. "तू सावकाश श्वास घे."